बॅटरीशिवाय लागलेला दिवा

काल मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात कारागीर तारेला डाख देताना राळेचा धूर उठला आणि मी थेट सत्तरच्या दशकात, महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या अंगणात पोहोचले.

बाबांच्या जुन्या मोटारसायकलची बॅटरी मेली होती, तशी बॅटरी आता मिळत नव्हती. उद्या भंगारवाला गाडी नेणार होता.

"इंजिन स्वतःच वीज बनवते बाबा. मी दिवा, हॉर्न थेट त्यालेच जोडते," मी म्हटलं.

"काहून हात भाजून घेऊन राहिली वं?" बाबा हसले.

तारांना डाख देताना हात भाजलेच. तिन्हीसांजेला किक मारली. दिवा मिणमिणला. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला, तसा उजेड वाढत वाढत समोरच्या भिंतीवर लख्ख पसरला. हॉर्नही घोगरा, पण खणखणीत वाजला.

बाबा धावत आले. "सरक, मी चालवतो."

"नाही बाबा, तुम्ही मांगं बसा."

ते धोतर सावरत मागे बसले. तेव्हा मला फक्त गाडी वाचल्याचा आनंद होता. बाबांचं ते मागे बसणं केवढं मोठं होतं, ते आज कळतं.

आम्ही सक्करदऱ्याकडे निघालो. गल्लीतले लोक दारात आले, आणि बाबा मागून ओरडले, "वाजव वं, अजून वाजव!"