दहाव्याला आलेला अनोळखी

ओंकारेश्वराच्या घाटावर वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेना. “आईला सांभाळीन,” असं मी म्हणून पाहिलं. पण त्यांचा जीव गणितात अडकला होता. मॉड्युलर फॉर्म नावाच्या फलनांच्या फुरिए सहगुणकांत त्यांना एक बहुपदी, म्हणजे त्या आकड्यांना लागू पडणारं सूत्र, सापडली होती आणि तिची सिद्धता अर्धी राहिली होती. त्यातलं मी काय कबूल करणार?

गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र असलेला एक अनोळखी तरुण पुढे आला. वडिलांसारखीच, खडू धरल्यासारखी बोटं धरून म्हणाला, “सर, संगणकावर सहगुणक तपासतोय. तुमची बहुपदी अजून कुठेही चुकलेली नाही. सिद्धता मी पुरी करतो.”

“अहो, कावळ्याला कळेल असं बोला,” गुरुजी म्हणाले.

“सरांना कळलं.”

कावळा उतरला. तरुण नाव न सांगताच हिंजवडीच्या बसकडे गेला.

सिद्धता अजून छापून आलेली नाही. मी निश्चिंत आहे. वडिलांनी त्याच्या शब्दावर घास घेतला आहे.