लॉगआउट दाबणारा माणूस

नवऱ्याची वायुदलातली बदली चंदीगडला झाली. दोन महिने क्वार्टरचे पडदे नीट करून कंटाळल्यावर मी मोहालीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. मोहालीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमची काचेची नव्हती. खाली टायरचं दुकान होतं.

पहिलंच काम चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्याचं. तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग बनायचे. त्यांच्या स्टोअरचा हिशोब वह्यांतून वेबवर आणायचा होता आणि लॉगिनचा भाग माझ्याकडे होता. त्यात मी एक जास्तीचा शहाणपणा केला: माणूस शेवटी ज्या पानावर होता ते त्याच्या कॉम्प्युटरवर लक्षात ठेवायचं, आणि पुन्हा लॉगिन केलं की थेट तिथंच न्यायचं. कोडच्या चार ओळींचं काम. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आठवड्याभरात तक्रार आली. स्टोअर सांभाळणारे सरदारजी, साठीला टेकलेले, त्यांना लॉगिन होईना. पासवर्ड टाकला की परत लॉगिनचंच पान. मी त्यांचाच पासवर्ड घेऊन मोहालीत बसून बघितलं. झकास चाललं. फोनवर म्हटलं, "अंकलजी, पासवर्ड ठीक से डालिए."

"ठीक ही डाला है, बेटा."

असं चार दिवस. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी मालकाच्या मुलाला ईमेल ठोकली: सिस्टिममध्ये दोष नाही, पासवर्ड चुकीचा टाकला जातोय, कॉम्प्युटर येणारा माणूस बसवलात तर बरं. शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं.

मुलाने नेमकं तेच मनावर घेतलं. त्याने फोन करून कळवलं, तेही आनंदाची बातमी असल्यासारखं: एक तारखेपासून स्टोअर एका डिप्लोमावाल्याकडे, अंकलजी गेटवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या रजिस्टरवर. तीस वर्षं त्या स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मी कारखान्यात गेले.

त्यांनी आधी चहा पाजला. मग चष्मा लावून, एका बोटाने, एकेक अक्षर पुटपुटत पासवर्ड टाकला. अगदी बरोबर. एंटर दाबलं, पान लुकलुकलं, आणि पुन्हा लॉगिन.

"देख लो जी," ते म्हणाले.

मी परत टाकायला लावलं आणि या वेळी पानाच्या वर दिसणाऱ्या वेबपत्त्याकडे डोळे लावून बसले. लॉगिनचं पान येण्याआधी क्षणभर दुसराच पत्ता चमकून गेला. लॉगआउटचा.

"अंकलजी, आप शाम को जाते वक्त क्या करते हो?"

"लॉगआउट. फिर ताला." आणि कुलूप दोनदा ओढून बघतात तेही हाताने करून दाखवलं. चहाला उठले तरी लॉगआउट.

अगं बाई! म्हणजे त्यांचं शेवटचं पान कायम लॉगआउटचं. माझा प्रोग्राम त्यांना आत घ्यायचा आणि शेवटच्या पानावर, म्हणजे थेट बाहेर, इमानेइतबारे नेऊन सोडायचा. आमच्या ऑफिसात हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते बटण आम्ही बनवलं होतं, दाबलं कधीच नव्हतं. आम्ही स्क्रीनवरची खिडकी बंद करायचो आणि घरी जायचो.

दुरुस्ती एका ओळीची होती. आमचे साहेब म्हणाले, "टेक्निकल इश्यू होता असं लिही." मी लिहिलं, चूक माझी होती, त्यांची नव्हती, त्यांना स्टोअरवरच ठेवा. मुलाचं उत्तर आलं: छान झालं, पण आता नव्या माणसाला शब्द दिलाय.

पुढच्या महिन्यात त्या नव्या माणसाला शिकवायला गेले. गेटवर सरदारजी होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडी नंबर, आल्याची वेळ. मी रस्ताभर बरंच काही घोकत आले होते, त्यातलं "अंकलजी, माफ कर दो" एवढंच निघालं.

"कोई ना, बेटा. इधर धूप अच्छी आती है."

ते रागावले असते तर परवडलं असतं. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

नव्या माणसाचं लॉगिन पहिल्या झटक्यात झालं. अर्ध्या तासात सगळं शिकला, हुशार होता. मग खिडकी बंद केली आणि चहाला उठला.

मी मान खाली घालून स्कूटर काढली आणि गेटशी आले. ते बंद होतं.

"बेटा," सरदारजी म्हणाले आणि रजिस्टरमधल्या माझ्या नावापुढच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. गेल्याची वेळ.

मी उतरले, वेळ लिहिली, सही केली. त्यांनी आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली आणि मग गेट उघडलं.