बुरुजाला टेकलेलं घर

"कोनी पाठवला तुला?"

कोळंबी घ्यायला गेलं तरी मासळीवाली मावशी आधी हेच विचारायची. डावा डोळा बारीक करून, पाटीवर हात आडवा ठेवून. मी सवयीने सांगायचो, "बायकोने." तेव्हा कुठे हात बाजूला व्हायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी जीव असेलच. मावशीचं घर सारसोळे गावाच्या टोकाला, खाडीकाठच्या एका जुन्या बुरुजाला टेकलेलं होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे बुरूजच. बांधला पोर्तुगीजांनी. तेव्हा तिथे बेट होतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी यायचं. पुढे मराठे आले, मग इंग्रज, आणि शेवटी आला भराव. बेट गेलं, बुरूज तेवढा राहिला.

मला जुन्या दगडांचं वेड. रविवारी मी तिथे घिरट्या घालायचो आणि मावशी दारातून पाळत ठेवायची.

"त्यो किल्ला नाय. मिठाचा गोदाम हाय."

"मावशी, गोदामाला एवढी जाड भिंत?"

"मीठ पलून जाईल ना!"

कोणी कॅमेरा घेऊन आलं की त्यालाही हीच कथा. बघता बघता इंटरनेटवरसुद्धा गोदामच झालं. माझा जीव जळायचा. एकदा चिडून विचारलंच, "खोटं का सांगतेस?"

ती पाटी धुवायची थांबली. "नवी मुंबई व्हाची होती तवा साहेब आलते. बापाने त्याना बसवला, च्या पाजला, आपली शेतां कुठवर हायेत ता सगला खरा सांगितला. शेतां गेली. आता ह्या घर र्‍हायलाय. किल्ला हाय बोलली का ह्या पन जाईल."

 त्यानंतर मीही कोणापाशी किल्ल्याचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने घर बिल्डरला दिलं. मावशी पहिल्यांदाच माझ्या दारात आली, अनवाणी.

"चल. साहेबाना सांग, किल्ला हाय, पाडू नका."

आम्ही महापालिकेच्या एका साहेबासमोर जाऊन उभे राहिलो. मी घसा कोरडा होईपर्यंत बुरुजाचा इतिहास सांगितला. त्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत मावशीच होती, मिठाचं गोदाम ठणकावून सांगणारी.

"आजी, किल्ला म्हणायला आता कोणी शिकवलं?"

आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं. ती वळली आणि अनवाणीच बाहेर चालू लागली. सगळ्या जगावर संशय घेतला बाईने, पोटच्या पोरावर तेवढा घ्यायचा राहिला.

बुरूज पाडला तेव्हा ती तिथे नव्हती. मुलाने तिला आदल्या दिवशीच उलव्याच्या फ्लॅटवर नेलं होतं. छप्पर निघालं आणि स्वयंपाकघराची भिंत उघडी पडली. पोर्तुगीजांचे ते दगड मावशीच्या चुलीच्या धुराने काळे झाले होते. एका फटीत तिची फणी खोचलेली होती, दोन केस अडकलेली. जेसीबी पुढे सरकला. किल्ला बघायला आलेला मी, त्या फणीकडे बघत भर उन्हात रडलो.