शेततळ्यातलं पाणी

डाळिंबासाठी शेततळं केलं तेव्हाच बायकोने माझ्याकडून शपथ घेतली होती. पोहायचं तर विहिरीत, तळ्यात उतरायचं नाही. विहिरीला पायऱ्या आहेत. तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर मात्र पाय ठरत नाही, भलेभले पोहणारे वर येऊ शकत नाहीत. मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो. वैशाखातल्या एका दुपारी ती संगमनेरला माहेरी गेली आणि मी घेतली तळ्यात उडी.

बाहेर येताना काठाचा दोर हातातून सुटला. मी दचकून श्वास घेतला आणि घोटभर पाणी छातीत गेलं. दोर पुन्हा हाताला लागला म्हणून कसाबसा वर आलो. ते पाणीही साधं नव्हतं. शेवाळ मरावं म्हणून आदल्याच दिवशी मी त्यात मोरचूद टाकलं होतं.

संध्याकाळी बायको परतली तरी खोकला थांबेना. "विहिरीत ठसका लागला," मी ठोकून दिलं. तिने तशीच मला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथेही ती शेजारीच बसलेली, म्हणून तिथेही विहीरच सांगितली. डॉक्टरांनी छाती तपासली. "काळजी नको. ताप आला, दम लागला, तर लगेच या."

बायको निर्धास्त झाली. मी मात्र पुरता अडकलो. डॉक्टरांनी दिलेला धीर विहिरीच्या पाण्यासाठी होता, माझ्या छातीतल्या पाण्यासाठी नव्हता. मोबाईलवर वाचू नये ते वाचलं. जेवताना, धार काढताना, माझं सगळं लक्ष आपल्याच श्वासाकडे. खोकला आला की गोठ्यामागे जाऊन खोकायचो. सांगावं तर शपथ मोडल्याचं कळणार, न सांगावं तर मरणार, आणि आज सांगायला लाज वाटते, पण मला त्यातलं मरणंच सोपं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी अंगात कणकण आली आणि माझं अवसान गळालं. चहा गाळणाऱ्या बायकोला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आपली काही खैर नाही. तिने गॅस बंद केला आणि "चला" म्हणाली.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. छाती साफ निघाली. "अहो, पण हे परवाच का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

उत्तर बायकोने दिलं.

"मी शेजारी बसले हुते ना. मी भायेर गेले असते तर सांगितलं असतं त्यांनी."

आणि पदराने डोळे पुसत ती खरंच उठून बाहेर गेली.