सत्तेचाळीस टक्क्यांचं काय झालं?

बायकोला त्रेचाळिसाव्या वर्षी बी.एड.ला प्रवेश हवा होता. त्यासाठी पन्नास टक्के गुण लागत होते. तिला बी.ए.ला सत्तेचाळीस होते आणि एम.ए.ला पंचावन्न. मी सरासरी काढली, एक्कावन्न आली आणि निश्चिंत झालो. पण नेपियर टाउनमधला कोचिंगवाला म्हणाला, "सिर्फ बी.ए. देखते हैं."

दुसऱ्या दिवशी आम्ही विद्यापीठाच्या मदत केंद्रावर गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "दोनों में से किसी एक में पचास चाहिए, भैया. एम.ए. में हैं, हो गया."

"और औसत?" मी माझी सरासरी पुढं केली.

"औसत किसने माँगा?"

मी बायकोकडे वळलो. "मग ते सत्तेचाळीस कुठं गेले?"

"काहून त्यांच्या मागं लागून राहिले तुम्ही? मी पात्र आहे म्हणतात ना त्या!"

कागदपत्रं तिथंच तपासून झाली. परतताना ती स्कूटरवर मागं बसून मुलीला फोनवर आनंदानं सांगत होती. बी.ए.ला कमी पडलेले तीन टक्के एम.ए.नं कसे माफ केले, हे मला घराजवळचं अधारताल आलं तरी उमगेना. मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं खांद्यावर थाप मारली.

"आता कॉलेज कोणतं घ्यायचं, ते बोला."