डावीकडून आलेली आरोळी

पुण्यातल्या एका संगीतशाळेला शिक्षिका हवी होती. अट एकच, खऱ्या पियानोचं सलग, स्टिरिओ रेकॉर्डिंग पाठवायचं. पियानो माझ्याकडे होता. एका बंद पडलेल्या शाळेतून टेम्पोत घालून लातूरला आणला होता. नांदेडच्या एका स्टुडिओवाल्याला फोन केला तर तो हसला. "घरात कुठं पियानो रेकॉर्ड होतो का मॅडम? पत्र्यावानी वाजंल. हितं येऊन कीबोर्डवर वाजवा. कुणाला कळून राहिलंय?"

माझं डोकंच सटकलं. मला कळणार होतं ना! पाठवीन तर घरचंच, असं ठरवून टाकलं.

माईक अप्पांचे. माझ्या वडिलांनी औशात उभा जन्म मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान चालवलं. "दोनच हायेत? मग बुवाला एक, मृदंगाला एक," म्हणत त्यांनी भजनाच्या सवयीनं एक माईक पियानोच्या पार डाव्या टोकाला, खर्जाच्या तोंडाशी लावला, दुसरा पार उजवीकडे. मी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकलं. डावा हात औशात वाजत होता, उजवा रेणापुरात, आणि मधे सगळं ओसाड.

"अप्पा, वाजवणारी मी एकटीच आहे."

ते खट्टू झाले. मग माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "माणसाचे दोन कान तरी कुठं लई लांब असतेत?" त्यांनी दोन्ही माईक माझ्या पाठीमागे, डोक्याच्या उंचीवर, वीतभर अंतरानं लावले आणि तोंडं जराशी बाहेर वळवली. पियानोपासूनचं अंतर मंडपाच्या सुतळीनं मोजून सारखं केलं. आता खर्ज डावीकडे, वरचे सूर उजवीकडे आणि मधले अगदी मधे ऐकू यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंगला बसले. हात असा काही लागला होता की बस. निम्म्यात आले आणि गल्लीतून आरोळी आली, "नळ आलेऽऽ!"

आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतात. एरवी अप्पा मोटार लावायला धावत सुटले असते. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होते तिथेच फरशीवर मांडी घातली. मी थांबले नाही. पिंप कोरडंच राहिलं. आठवडाभर शेजारून घागरी आणल्या, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

तेच रेकॉर्डिंग पाठवून दिलं. पुण्याहून उत्तर आलं. वादन उत्तम आहे, पण डावीकडून कुणी तरी ओरडतं. स्टुडिओत जाऊन पुन्हा करून पाठवा, नाहीतर अर्ज बाद होईल.

"पुन्ना वाजीव की," अप्पा म्हणाले.

"नाही वाजवणार."

मी लिहून पाठवलं, 'गल्ली माझ्या डाव्या हाताला आहे. ती डावीकडूनच ऐकू येते, म्हणजे माईक बरोबर लागले आहेत. दुसरं रेकॉर्डिंग मिळणार नाही.'

नोकरी हुकली. घरी कुणी आलं की अप्पा त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवतात आणि आरोळीची वेळ झाली की त्याच्या डाव्या कानाशी बोट नेतात. "हितं ऐका. आमचे नळ आलेत, अन् माझी लेक थांबली न्हाई."