बेरिलच्या मागच्या दारातले बूट

बेरिल ऑग्डनच्या मागच्या दारात पुरुषाचे बूट ठेवलेले असत. काळे, जाड तळव्याचे, कारखान्यात घालतात तसले. चर्चमधल्या जुन्या सामानाच्या बाजारातून तिने ते चाळीस पेनीला आणले होते. आणले त्या दिवशीच मी तिची चेष्टा केली होती.

"आठ नंबर? अगं, चोराला घाबरवायचंय ना? मग बारा नंबर तरी आणायचे. हे बघून मांजर पण घाबरणार नाही."

ती एवढी चिडली की मी विषयच बदलला. बुटाच्या मापावरून एवढं काय चिडायचं, ते तेव्हा मला कळलं नाही.

मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या मधे एकच भिंत, आणि तीही अशी की ती शिंकली तर मी इकडून 'शतायुषी हो' म्हणावं. अडतीस वर्षं मी थॉर्नशॉच्या या गल्लीत काढली. नवरा इथल्या सूतगिरणीत खपला, गिरणी बंद पडली, तोही गेला. बेरिलचा स्टॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनी गेला. तेव्हापासून आम्ही दोघी एकेकट्या.

बेरिलचा स्वभाव पहिल्यापासून संशयी. खिडक्या पुसणारा शिडीवरून आत बघतो म्हणून तो यायच्या दिवशी ती सगळे पडदे ओढून बसायची. पोस्टमन पत्रं उजेडात धरून वाचतो, पाद्री दानपेटीतले सुटे पैसे खिशात घालतो, हे तिचं ठाम मत. मी दिलेला बटाटेवडा ती आधी मोडून आत काय आहे ते बघायची. स्टॅन गेल्यावर पलीकडच्या रस्त्यावर एका म्हातारीचं घर फुटलं आणि मग तर विचारायलाच नको. मागच्या दारात बूट आले. दर सोमवारी दोरीवर स्टॅनचे जुने शर्ट वाळत पडायला लागले. दारावर थाप पडली की ती आधी जिन्याकडे तोंड करून ओरडायची, "क्रेग, बघ रे कोण आलंय!" आणि मग दार उघडायची.

क्रेग तिचा एकुलता एक मुलगा. छत्तिशीचा, गोदामात माल उचलायची गाडी चालवणारा. तो घर सोडून गेला होता, वेगळा राहत होता. पण दर गुरुवारी आईला भेटायला येतो, असं बेरिल सांगायची. गुरुवारी मी म्हाताऱ्यांच्या क्लबात जेवायला जाते, त्यामुळे वेगळा झाल्यापासून मी काही त्याला पाहिलं नव्हतं.

मलाही तिने पढवून ठेवलं होतं. परीक्षाच घ्यायची.

"अनोळखी माणसाने माझ्याबद्दल विचारलं तर काय सांगशील?"

"मुलगा असतो बरोबर. रात्रपाळी करतो. आत्ता वर झोपलाय."

"आणि?"

"अंगाने दांडगा आहे."

"शाब्बास."

वर्षभरात मी हे चार-पाच जणांना तरी सांगितलं असेल. झाडू विकणारा, छपरं दुरुस्त करणारे दोघे, हातात कागद अडकवलेली फळी घेतलेला एक टायवाला, अजून कोण कोण. मैत्रिणीसाठी एवढं खोटं बोलायला माझं काय जात होतं?

दोन हजार अकराच्या जूनमध्ये तिला काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. बेरिल एकटी, तुटपुंज्या पेन्शनवर जगणारी, म्हणून तिला काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, जवळजवळ माफ होती. पत्रात लिहिलं होतं की तुमचा कमावता प्रौढ मुलगा गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून तुमच्या घरात राहतो आहे आणि तुम्ही ते कळवलं नाही. घरात कमावतं माणूस असलं की एवढी माफी मिळत नाही. तेव्हा जास्तीची दिलेली माफी, सहाशे अकरा पौंड, परत घेतली जाईल.

पत्र घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. आकड्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "'आम्हाला मिळालेल्या माहितीनुसार.' कुणी दिली माहिती?"

"मला काय ठाऊक?"

"इंदू, मी एकदाच विचारते. तू कुणाला काय बोललीस?"

"मी? देवाशपथ, काउन्सिलच्या पायरीवर मी पाय ठेवलेला नाही!"

"कुठल्या देवाची? तुझ्या का माझ्या?"

"दोघांची घेते! झालं समाधान?"

झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझा स्टीलचा डबा परत केला, रिकामा. एवढ्या वर्षांत तिने तो कधी रिकामा पाठवला नव्हता. दोन बिस्किटं तरी, नाहीतर केकचा तुकडा तरी आत असायचाच. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! जिच्यासाठी मी अख्ख्या गल्लीला थापा मारल्या, तिनेच मला चुगलखोर ठरवावं? म्हटलं, बस तुझी तू.

पण पाचव्या दिवशी तीच आली. अपील करायला महिन्याचीच मुदत होती आणि तिला फॉर्मवरची बारीक अक्षरं दिसत नव्हती.

"माझ्याबरोबर लायब्ररीत चल. सल्ला देणारा माणूस बसतो तिथे," ती म्हणाली. "आणि तुला नेतेय म्हणजे तुझ्यावरचा संशय गेला असं समजू नकोस."

"नाही समजत," मी म्हटलं आणि कोट घातला.

सल्ला देणारे क्रॉशॉ हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा वर सरकवला. "मिसेस ऑग्डन, यात काही कठीण नाही. तुमचा मुलगा दुसरीकडे राहतो ना? मग तिथला एक कागद आणा. भाड्याची पावती, विजेचं बिल, काहीही. प्रकरण सुनावणीपर्यंत जाणारच नाही."

"आणि नाही आणला तर?" बेरिलने विचारलं.

"तर ही रक्कम घरपट्टीत चढवतील. भरली नाहीत तर कोर्टाचं समन्स. मग वसुलीची माणसं घरी येतील, सामानाची यादी करायला."

बेरिलचा चेहरा पांढराफटक पडला. परकी माणसं आपल्या घरात शिरणार, जिना चढणार, कपाटं उघडणार! ज्या भीतीपायी तिने एवढं नाटक उभं केलं होतं, तीच आता सरकारी कागद घेऊन दारात येणार होती. ती हळूच म्हणाली, "सांगते त्याला. गुरुवारी येईल तेव्हा."

अपील केलं. गुरुवार आले आणि गेले, कागद काही आला नाही. क्रेग विसरला, क्रेग घाईत होता, क्रेगचा घरमालक गावाला गेलाय. दर खेपेला नवं कारण. मग संशयाने मलाही धरलं. एका गुरुवारी मी क्लब बुडवला आणि दिवसभर खिडकीत बसून राहिले. चिटपाखरू फिरकलं नाही. संध्याकाळी बेरिल मला मागच्या अंगणात दिसली, तर म्हणाली, "आज आला होता क्रेग. मटण भरलेली पेस्ट्री खाऊन गेला."

तोंडावर खोटं बोलली ती माझ्या!

मग माझं डोकं नाही नाही तिथे धावायला लागलं. म्हणजे काउन्सिल खरं बोलतंय की काय? लपून राहतो की काय तो वर? पोलिसांच्या भानगडीत तर नाही ना? मी भिंतीला कान लावला. सांगायला लाज वाटते, पण एकदा तिच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलूनही बघितलं. चहाच्या पिशव्या, एका अंड्याचं कवच, पावाचं अर्धं पाकीट. एकट्या बाईचा कचरा. वर बघितलं तर तिच्या खिडकीचा पडदा हलला. बेरिलला तर बरंच झालं. मी तिच्यावर पाळत ठेवते, याचा तिला आता पुरावाच मिळाला.

एवढं होऊनही सुनावणीला तिने मलाच बरोबर नेलं. दुसरं होतं कोण?

सुनावणी होती एका जुन्या विमा कचेरीच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. न्यायाधीश एन्टविसलबाई, साध्या लोकरी जाकिटात, समोर पाण्याचा तांब्या. टेबलाच्या एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला काउन्सिलची बाई, जाडजूड फाइल घेऊन. एकेक गोष्ट ती शांतपणे वाचत गेली. मतदारयादीत क्रेगचं नाव अजून याच पत्त्यावर आहे. दर वर्षी यादीचा फॉर्म येतो, तरी आईने ते खोडलेलं नाही. मागच्या गल्लीतून बघितलं तेव्हा पुरुषाचे शर्ट वाळत होते. दारात कामाचे बूट होते.

"शिवाय फेब्रुवारीत आमचे अधिकारी शेजारी चौकशीला गेले होते," ती म्हणाली. "सत्तावीस नंबरच्या बाईंनी सांगितलं की मुलगा इथेच राहतो, रात्रपाळी करतो आणि आत्ता वर झोपला आहे."

सत्तावीस नंबर म्हणजे माझं घर.

तो टायवाला! कार्ड दाखवलं होतं त्याने, पण माझा चष्मा आत राहिला होता. म्हटलं असेल कुणी विमा विकणारा, आणि पाठ केलेलं सगळं धडाधड म्हणून मोकळी झाले. बेरिलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी उभी राहिले. "बाई, ती सत्तावीस नंबरवाली मीच. मी खोटं बोलले."

"का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हिनेच शिकवलं होतं. परक्या माणसाला असंच सांगायचं. बूट, शर्ट, सगळं चोरांसाठी. ही एकटी राहते हे कुणाला कळू नये म्हणून. मला काय माहीत, काउन्सिलवालाही त्यातच सापडेल!"

न्यायाधीशबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. काउन्सिलची बाई मात्र हटली नाही. "बुटाचं माप आठ आहे, असं नोंदीत आहे. मिसेस ऑग्डन, तुमच्या मुलाचं माप काय?"

"आठ," बेरिल म्हणाली.

"म्हणजे बूट त्याचेच."

"चाळीस पेनीला आणलेत मी. त्याने पाय नाही घातला त्यात अजून." बेरिलचे हात पर्सवर घट्ट होते. "त्याच्या मापाचे घेतले. कधी पावसातून आला भिजून, तर पायात घालायला असावं काहीतरी."

मग न्यायाधीशबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मिसेस ऑग्डन, तुमचा मुलगा राहतो कुठे?"

मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी कारण सांगणार. क्रेग विसरला, घरमालक गावाला गेलाय.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "भांडून गेला. दीड वर्ष झालं."

तिने पर्स उघडली आणि दोन पाकिटं टेबलावर ठेवली. एक त्याच्या वाढदिवसाचं, एक नाताळचं. दोन्हींवर तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात क्रेगचं नाव आणि त्याच्या गोदामाजवळचा कुठलासा पत्ता. दोन्हींवर पोस्टाचा शिक्का आणि चिकटवलेली चिठ्ठी: या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही, परत. एकही पाकीट फुटलेलं नव्हतं.

पहिल्या दिवसापासून ही पाकिटं तिच्या पर्समध्ये होती! क्रॉशॉमास्तरांच्या टेबलावर ठेवली असती तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण मग 'क्रेग गुरुवारी येतो' हे संपलं असतं, तेही माझ्यासमोर. वसुलीवाले घरात शिरलेले चालतील, पण हे उघडं पडायला नको, असं वाटत होतं तिला. आणि मी, मूर्ख बाई, तिच्या कचऱ्यात मुलगा शोधत होते.

न्यायाधीशबाईंनी शिक्क्यांवरच्या तारखा वाचल्या आणि पाकिटं काउन्सिलच्या बाईकडे सरकवली. तिने ती बघितली, फाइल मिटली आणि म्हणाली, "आमचं आणखी काही म्हणणं नाही." निकाल तिथेच मिळाला. एक पेनीही परत द्यायची नव्हती. काउन्सिलच्या बाईने जाताना ती पाकिटं दोन्ही हातांनी बेरिलला परत दिली.

आम्ही बसने परत निघालो. बाजाराच्या थांब्याजवळ ती एकदम म्हणाली, "त्या टायवाल्याला 'दांडगा' म्हणालीस का?"

"म्हणाले."

"क्रेग? काडीसारखा आहे गं तो!"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरला. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला तशी ती त्याच्यावर खेकसली, "काय बघताय?" मग मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी मी तिला डबाभर पोहे दिले. डबा परत आला तेव्हा आत लिंबाच्या केकचे चार तुकडे होते.

बूट अजून तिथेच आहेत. ती रविवारी त्यांना पॉलिश करते, आता माझ्यासमोरही.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी तिच्या दारावर थाप पडली. मी कणीक मळत होते. सवयीने कान तिकडे गेले. आता ती जिन्याकडे तोंड करून क्रेगला हाक मारणार. हाक आली नाही. पुन्हा थाप पडली, या वेळी जोरात. कोण असेल, उघडेल का ती, मी हात तसाच धरून उभी राहिले.

भिंतीपलीकडून आवाज आला. "इंदू! बघ गं कोण आलंय!"

कणकेचे हात घेऊन मी भिंतीजवळ गेले आणि जमेल तेवढा जाड आवाज काढून ओरडले, "आले! जिना उतरतेय!"